आत्या पुढं बसली की

माझ्या नातवाच्या गाडीत काटे नाहीत. समोर एक पडदा आहे, त्यावर आकडे उमटतात, आणि पेट्रोल संपत आलं की आतून एक बाई गोड आवाजात तसं सांगते. "आजी, ही कधी खोटं बोलत नाही," नातू मला कौतुकानं म्हणाला. मी म्हटलं, बरं बाबा. त्याला काय सांगणार? कासारवाडीला आमच्याकडे जी गाडी होती ती धडधडीत खोटं बोलायची, दिवसाढवळ्या, घरच्या माणसांशी, आणि त्या खोट्यावर आमच्या घरातलं एक माणूस तरलं. हे सगळं लिहून ठेवायचं म्हणते, कारण आता ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे आणि माझाही भरवसा नाही.

दादा म्हणजे माझे वडील. रस्त्याकडेची आमची जमीन कारखान्यात गेली तेव्हा गावात ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. कुणी कापडाचं दुकान टाकलं, कुणी दोन मजले चढवले. दादांनी गाडी घेतली. छावणीतला एक साहेब मायदेशी निघाला होता, त्याची छोटीशी, उंदरासारख्या रंगाची, आधीच म्हातारी झालेली गाडी. पुढं दोघं आणि मागं दाटीवाटीनं तिघं बसायची. चालवणाऱ्यासमोर लोखंडी पाटी होती आणि तिच्यात गोल काचांमागं काटे. वेगाचा काटा साहेबाच्या काळातच मेला होता. गाडी उभी असो की पळत असो, तो एकाच आकड्यावर बोट ठेवून असायचा. दादा म्हणायचे, "ह्यो बरा. ह्याच्याकडनं काय आशा न्हाई." पेट्रोलचा काटा मात्र चोख होता. सकाळी विहिरीवरचं ऑइल इंजिन धडधडायला लागलं, चुलीवर बाजरीच्या भाकरीचा वास सुटला, कारखान्याचा भोंगा झाला, की दादा उगीच जाऊन गाडीत बसायचे आणि काटा बघून यायचे. आई म्हणायची, "अवं, रातीत कुनी प्यालं का त्यातलं?"

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे नांगर, कोयते, इंजिन, सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची, आणि पूजेआधी प्रत्येक वस्तूला रंग लागायचा. दादांचं रंगवणं म्हणजे वरवरचं नाही. ऑइल इंजिन ते दरसाल पार खोलायचे, नट वेगळा, बोल्ट वेगळा, पट्टी वेगळी, आणि सगळं उन्हात मांडून एकेकाला दोन्ही बाजूंनी रंग द्यायचे. "देवाला काय फक्त तोंडच दिसतं का?" असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी गाडीही हत्यारांत धरली गेली. अंगण भरून गाडी पसरली होती. बैलगाडीचा उरलेला लाल रंग बाहेरून, आणि आत जिथं जिथं स्क्रू दिसला, काट्यांची पाटी जिथं गाडीच्या अंगाला घट्ट बसवलेली होती ते बोल्टसुद्धा, हिरवा. रंग वाळल्यावर सगळं परत बसवलं आणि एकही नट उरला नाही. दादांना त्याचा इतका अभिमान होता की हळदकुंकू वाहताना त्यांचे डोळे भरून आले. चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटला झेंडूची माळ घातली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं वाटायला पुण्याला निघालो. पेट्रोलचा काटा पार भरलेल्यावर. दादा खूष. "बघितलंस? पूजा लागली," ते आईला म्हणाले. दापोडीच्या पुलावर गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. टाकीत थेंब नव्हता, काटा भरलेलाच. नव्या नऊवारीत आईनं आणि मी ती गाडी ढकलली, झेंडूच्या माळेसकट, आणि येणारे जाणारे आम्हाला सोनं देऊन जात होते.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणावं की छंद, मला अजून ठरवता येत नाही. दादांनी काचेवर टिचक्या मारल्या. मग बुक्क्या मारल्या. तारा सोडून पुसून परत जोडल्या. त्यातून शोध लागला की दिवे लावले की काटा थोडा खाली येतो, हॉर्न दाबला की थरथरतो, आणि दोन्ही एकदम केलं की मध्यावर येऊन विचार करत उभा राहतो. दादांनी ठरवलं की तो मध्यावरचा आकडाच खरा. म्हणजे पेट्रोल किती आहे हे बघायला भर दुपारी दिवे लावायचे आणि कर्रर्र हॉर्न वाजवायचा. शेजारची म्हैस आटली, तिचं खापरही आमच्यावर फुटलं. टाकीत काठी घालून बघावं तर टाकीची नळी वाकडी, काठी अर्ध्यात अडायची. बरोबर पेट्रोलचा डबा ठेवा म्हटलं तर, "डबा घिऊन फिरायला आपन रॉकेलवाले हाय का?" आणि पुण्याला मेकॅनिककडे न्या म्हटलं तर दोन दिवस अबोला. आख्ख्या गावाची इंजिनं ज्यानं दुरुस्त केली त्याच्या गाडीला दुसऱ्याचा पाना लागणं म्हणजे फार झालं.

आता आत्या. सोनाआत्या, दादांची थोरली बहीण; ते तिला आक्का म्हणायचे, ती त्यांना शिरपती. महाळुंग्याला दिली होती, तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी आली. मला तिनंच वाढवलं. आईला शेत होतं, गुरं होती. मी तिच्याच अंगावर पाय टाकून झोपायचे आणि तिच्या पानाच्या वासानं जागी व्हायचे. तिचा पानाचा डबा पितळी होता, विटेएवढा, चिंचेनं घासून लख्ख केलेला, आणि तो डबा सोडून मी तिला कधी पाहिली नाही. पण घरातून कुणी चांगल्या कामाला निघालं की ही बाई आपण होऊन गोठ्यात जायची. कुणी जा म्हणायचं नाही. ती आपली आपण जायची, गाडी वळणाआड गेली की बाहेर यायची. लहान असताना मला वाटायचं तिला गुरांचं फार वेड आहे. खरं काय ते कळलं तेव्हा मला सगळ्यांचा राग आला होता, आणि अजून आहे.

एकदा तिचे डोळे दाखवायला पुण्याला न्यायचं होतं. मागच्या सीटवर मंडईला न्यायची वांगी ठासलेली, मी त्या वांग्यांत. म्हणून आत्या पुढं बसली, जन्मात पहिल्यांदा. बसली आणि डबा तिनं समोरच्या कप्प्यात, काट्यांच्या पाटीखाली सरकवला. भरलेल्यावर असलेला काटा तिथून निघाला आणि सावकाश, तब्येतीत, तळाला जाऊन टेकला. दादांनी गाडी उभी केली. "आक्का, काय केलंस?" आत्या घाबरली. "म्या? म्या निस्ती बसलीया." पंपावर पोचलो तेव्हा पंपवाला म्हणाला, राव, टाकी वाजतीय नुसती. पेट्रोल घातलं, काटा घातलं तेवढा वर आला. आत्या डॉक्टरकडे उतरली, डबा काखेत घेऊन. काटा पुन्हा भरलेल्यावर. परत येऊन बसली, काटा खऱ्यावर. दादांनी तिला चारदा उतरवलं आणि बसवलं. डॉक्टर खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं डोळ्यांबरोबर गुडघेही दाखवायचेत.

तेव्हापासून आत्याशिवाय गाडी हलेना. आईची पुढची जागा गेली, पण दापोडीच्या पुलानंतर आईला तिचं सोयरसुतक नव्हतं. गोठ्यात जाणारी बाई आता प्रत्येक शुभकार्याला सर्वांच्या पुढं, काचेमागं, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. माझ्या चुलतबहिणीचं लग्न भोसरीला होतं. नवरी मागं आणि आत्या पुढं. वरबापानं दादांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे बरं दिसतं का?" दादा म्हणाले, "नवरी येळंवर पायजे का नको, तेवढं सांगा." आत्या त्या दिवशी मांडवात पहिल्यांदा पहिल्या पंगतीला जेवली. मी तिच्याशेजारी बसले होते, जिलबी तिनं दोनदा मागून घेतली.

मागच्या सीटवर बसणाऱ्याला पुढच्यांपेक्षा जास्त दिसतं. एकदा चिंचवडहून येताना आत्यानं चालत्या गाडीत पान लावायला कप्प्यातून डबा उचलला आणि काटा टुणकन वर गेला. दादा एका बैलगाडीशी भांडत होते. आत्यानं डबा परत ठेवला, काटा खाली. मी पुढं झुकून बघितलं. कप्प्याच्या तळाचा पत्रा कोरा होता, ब्रश तिथं पोचलाच नव्हता, आणि डब्याचा कोपरा वरच्या पाटीच्या पट्टीला भिडत होता. यातलं विज्ञान मला तेव्हा काही कळलं नाही. एवढंच कळलं की गाडीला आत्या नको आहे, डबा हवा आहे. आणि हे बोलायचं नाही, हेही लगेच कळलं.

कारण त्याच सुमाराला आत्याचा दीर, केरबा पाव्हणे, महाळुंग्याहून येऊन बसले होते. बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं, घरात म्हशी, पिठाची गिरणी, आणि राबायला कुणी नाही. इतकी वर्षं ज्यांना वहिनी जिवंत आहे का हे विचारायला सवड झाली नव्हती, त्यांना एकाएकी तिची माया आली. "वैनींचं घर त्ये. आमी न्यायला आलोय," ते म्हणाले. सासरच्यांनी बोलावलं तर नाही म्हणायला कारण लागतं, आणि बहिणीवर माया आहे हे कारण आमच्या गावात चालत नसे. "आमीच आनून सोडतो," शेवटी दादा म्हणाले. आत्यानं त्या दिवशी भाकऱ्या केल्या त्या सगळ्या करपल्या, आणि आम्ही त्या तशाच खाल्ल्या.

जाण्याच्या दिवशी आईनं तिची ओटी भरता येत नाही म्हणून पदरात नुसतेच शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि आत जाऊन रडली. मी गाडीत मागं, गाठोड्याला मिठी मारून. मोशी गेलं, चाकण गेलं. काटा इमानदारीनं खरं सांगत होता. महाळुंग्यात केरबांच्या दारात गाडी लागली, माणसं जमली, गाठोडं उतरलं, चहा झाला. मग दादा उठले आणि म्हणाले, "बरं पाव्हणं, आता आमी माघारी जायाचं कसं?"

केरबांना समजेना. दादांनी समजावून सांगितलं: आक्का पुढं नसली की पेट्रोल कळत नाही. केरबा हसले. मग त्यांना दिसलं की दादा हसत नाहीत. परीक्षा ठरली. बंद गाडीवरची परीक्षा केरबांना मान्य नव्हती, म्हणून इंजिन चालू ठेवलं. आत्या बसली, डबा कप्प्यात, काटा पाव टाकीवर. आत्या उतरली, डबा काखेत, काटा भरलेला. केरबा म्हणाले, वजनाचा खेळ असेल. तेव्हा ज्वारीचं पोतं आणून पुढं बसवलं. काटा भरलेला. मग केरबांची बायको, एवढं पोट घेऊन, बिचारी. मग पाटील. मग देवळातला गुरव, त्यानं बसल्यावर काट्याला नमस्कारही केला. काटा कुणालाच दाद देईना. पाटील उतरताना गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "केरबा, बाईत काय तरी हाय. आसल्या मानसाकडनं शेन काढून घ्याचं म्हंजी जरा इचार कर."

केरबा तसे सहज हार जाणारे नव्हते. आत्या जावेला हाताला धरून आत घेऊन गेली होती. दारातून जाताना केरबांनी पान मागितलं तेव्हा डबाच त्यांच्या हाती देऊन गेली. ते डबा घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसले, दादांच्या शेजारी. पान काढलं, चुना काढला, आणि हात मोकळे करायला त्यांनी डबा समोर, कप्प्यात ठेवला. काटा निघाला. केरबांची नजर पानावर होती. तेवढ्यात दादांचा हात पुढं गेला, डबा उचलून त्यांनी मांडीवर घेतला आणि शांतपणे म्हणाले, "तितं नगा ठिवू पाव्हणं, चुना सांडतोय. कात टाकू का जरा?" काटा परत वर चढला. केरबा म्हणाले, "हालला का वो काटा?" दादा म्हणाले, "तुमाला भिऊन आसंल." मी मागच्या सीटवरून सगळं बघत होते. म्हणजे दादांना ठाऊक होतं.

शेवटी निकाल असा लागला की बाळंतपणाला केरबांच्या सासूला आणावं, आणि आत्याचं गाठोडं परत गाडीत आलं. येताना इंद्रायणीच्या पुलाअलीकडं काटा तळाला टेकला आणि गाडी थांबली. सगळं पेट्रोल परीक्षेतच जळालं होतं. दादा पुढं ट्रकवाले चहाला थांबायचे तिकडं चालत गेले. आत्या पुढं बसून लाडू खात होती. "शकू," ती मागं न बघता म्हणाली, "डब्याचं तुला कळलंय. मला ठावं हाय. शिरपतीला सांगू नगंस. त्याला वाटतंय माझ्यात काय तरी हाय. कुनाला तरी वाटू दे की, पोरी." मी मान हलवली. थोड्या वेळानं दादा पेट्रोल घेऊन आले. मी गाडीमागं नरसाळं धरून उभी राहिले तर ते खालच्या आवाजात म्हणाले, "मगाशी बघत व्हतीस तू. आक्काला बोलू नगंस. गाडी तिच्यामुळं चालती आसं तिला वाटतंय, तेवढ्यानं चार घास खाती ती." उरलेला रस्ता मी मागच्या सीटवर ओठ दाबून बसले. हसू येतंय की रडू, माझं मलाच कळत नव्हतं.

पावसाळ्यात गाडीचे ब्रेक लागेनात. नाइलाजानं दादांनी पिंपरीहून नवीन गॅरेजवाल्या पोराला घरी बोलावलं. ब्रेक करता करता त्यानं, कुणी न सांगता, पाटीमागं हात घातला. वीज गाडीत तारेनं येते आणि गाडीच्या अंगातून माघारी जाते, तो म्हणाला, इथं रंगानं तिची वाट अडवलीये. म्हणजे आत्याचा पितळी डबा इतके दिवस त्या वाटेवरचा पूल झाला होता. त्यानं एक बोल्ट काढला, खरवडून लख्ख केला, बसवला, आणि काटा रिकाम्या सीटसमोर खरं बोलायला लागला. "झालं काका," पोरगं म्हणालं आणि चहा पिऊन गेलं. आत्या चहाची कपबशी घेऊन तिथंच उभी होती. पुढच्या खेपेला आम्ही निघालो तेव्हा आत्या कुणी न सांगता मागं येऊन बसली, डबा मांडीवर घेऊन. त्याच्या पुढच्या खेपेला ती गोठ्यात गेली. गाडी सुधारल्याची बातमी महाळुंग्याला पोचायला वेळ लागला नाही, आणि केरबांचा निरोप आला: दसऱ्याला सोनं द्यायला येतो, वैनींना तयार ठेवा.

खंडेनवमीला अंगणात परत इंजिन पसरलं, नांगर आले, कोयते आले. गाडीला मात्र दादांनी या वेळी बाहेरूनच रंग दिला. आत्या उंबऱ्यावर बसून रंगाचा डबा धरत होती. दादांनी ब्रश पुसला, कमरेवर हात ठेवून गाडीकडं बघितलं आणि म्हणाले, "झालं वाटतं."

आत्या उठली. दार उघडून तिनं पाटीखाली वाकून बघितलं. "शिरपती," ती म्हणाली, "आतला त्यो बोल्ट ऱ्हायला बघ."

दादांनी तिच्याकडं बघितलं. ती रंगाच्या डब्याकडं बघत होती. मग ते गुडघ्यांवर बसले, ब्रश हिरव्यात बुडवला, पाना मागून घेतला आणि डोकं आत घातलं. बाहेर त्यांचे पायच तेवढे दिसत होते.

"दोनी अंगांनी दे," आत्या म्हणाली.